निव्वळ शून्य २०७० : आधी काय, मग काय?

कॅडेट, इयत्ता दहावी

१ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगो येथे भरलेल्या जागतिक हवामान परिषदेत भारताने जाहीर केले की २०७० सालापर्यंत आपला देश ‘निव्वळ शून्य’ उत्सर्जनापर्यंत पोहोचेल. या घोषणेवर आपण वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेतो, निबंधात गुण घेतो. पण तिच्यात आपल्या वयाचाही एक हिशेब आहे. आज दहावीत असलेला कॅडेट २०७० साली साठ वर्षांचा असेल. म्हणजे पहिल्या पोस्टिंगपासून निवृत्तीपर्यंतची आपली सारी नोकरी याच मोहिमेच्या काळात होणार आहे. कोणी सेनेत जाईल, कोणी इंजिनिअर होईल, कोणी शेती करील. हे काम प्रत्येकाच्या वाट्याला येणार आहे.

मोहिमेची आखणी कशी करतात हे आपल्याला थोडेफार शिकवले जाते. उद्दिष्ट काय, आपण आज कुठे आहोत, साधने किती, रसद कुठून येणार, राखीव दल कुठे ठेवायचे. या सगळ्यांइतकाच महत्त्वाचा असतो तो क्रम. पूल बांधण्याआधी तुकडी नदीकाठी आणून उभी केली, तर तुकडी चांगली असूनही मोहीम फसते. देशाच्या ऊर्जाबदलाचेही तसेच आहे. सौर पॅनेल चांगली की कोळसा वाईट, हा वाद आता फारसा उरलेला नाही. खरा प्रश्न आधी काय आणि मग काय हा आहे. तोच मी या लेखात समजावून सांगण्याचा प्रयत्न करणार आहे.

निव्वळ शून्य म्हणजे नेमके काय?

‘निव्वळ’ हा शब्द हिशेबाचा आहे. दुकानदार एकूण विक्रीतून खर्च वजा करतो आणि उरलेल्याला निव्वळ नफा म्हणतो. तसेच इथे आहे. देशातील वीजकेंद्रे, कारखाने, गाड्या, शेती यांतून जितके हरितगृह वायू हवेत जातील, तितकेच जंगले, माती आणि काही यंत्रणा यांनी परत शोषून घेतले, तर बाकी शून्य उरते. म्हणजे २०७० साली एकही चूल पेटणार नाही असे नाही. जमा आणि खर्च सारखे झाले पाहिजेत. जमेची बाजू मात्र लहान आहे. २०३० पर्यंत झाडे लावून आणि जंगले वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा जादा साठा तयार करण्याचे आपले उद्दिष्ट आहे, आणि तेवढ्यासाठीही जमीन, पाणी व अनेक वर्षे लागतात. म्हणून मुख्य काम खर्चाची बाजू कमी करण्याचेच आहे.

युरोपीय संघाने २०५० आणि चीनने २०६० हे साल ठरवले, मग भारताने २०७० का, असा प्रश्न वादविवादात नेहमी येतो. एकूण उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो हे खरे. पण माणशी पाहिले तर भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड येतो, आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. आपल्याला अजून घरे, रस्ते, रुग्णालये, कारखाने उभारायचे आहेत. त्यामुळे आपल्यापुढचे काम इतर देशांपेक्षा वेगळे आहे. त्यांना वाढलेली यंत्रणा बदलायची आहे, आपल्याला यंत्रणा वाढवता वाढवता बदलायची आहे. धावत्या गाडीचे चाक बदलण्यासारखे हे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ऊर्जा म्हणजे फक्त वीज नव्हे. मेसमधला गॅस, ट्रकमधले डिझेल, पोलादाच्या भट्टीतला कोळसा, विटांची भट्टी हीसुद्धा ऊर्जाच आहे. म्हणून योजनेचे दोन भाग पडतात. पहिला, वीज स्वच्छ करणे. दुसरा, आज विजेवर न चालणाऱ्या गोष्टी शक्य तितक्या विजेवर आणणे. हे दोन भाग एकमेकांना धरूनच चालले पाहिजेत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वे धावली. शंभर वर्षांत आपल्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले. पण त्या तारेत येणारी वीज कोळशाची असेल, तर धूर इंजिनातून निघून वीजकेंद्राच्या चिमणीत गेला एवढेच.

पटावरची संख्या आणि परेडवरची हजेरी

२०३० पर्यंत विजेची निम्मी स्थापित क्षमता कोळसा, वायू, तेल यांच्याशिवायच्या स्रोतांची असेल, असे वचन भारताने दिले होते. ते जून २०२५ मध्ये, म्हणजे पाच वर्षे आधीच पूर्ण झाले. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. तरीही देशात आज तयार होणाऱ्या दर दहा युनिटांपैकी साधारण सात युनिटे कोळशाची असतात. क्षमता निम्मी आणि वीज सत्तर टक्के कोळशाची, हे कसे?

परेडचे उदाहरण घेऊ. हाउसच्या पटावर शंभर नावे आहेत. पण सकाळच्या फॉल-इनला किती जण उभे राहतात, ती खरी संख्या. स्थापित क्षमता हा पट आहे आणि तयार झालेली वीज ही हजेरी आहे. एक किलोवॉटचे सौर पॅनेल चोवीस तास पूर्ण जोराने चालले असते तर २४ युनिटे मिळाली असती. पण रात्र असते, सकाळ-संध्याकाळी ऊन तिरपे असते, पावसाळ्यात ढग असतात. त्यामुळे प्रत्यक्षात दिवसाला सरासरी ४ युनिटे मिळतात. कोळशाच्या केंद्रातली एक किलोवॉट क्षमता दिवसाला साधारण १६ युनिटे देते, आणि अणुवीज केंद्रातली त्याहून जास्त. म्हणजे कोळशाच्या एका किलोवॉटच्या जागी वीज तेवढीच हवी असेल, तर सौरऊर्जेचे चार किलोवॉट लावावे लागतात.

यावरून सौरऊर्जा कमी प्रतीची आहे असे कोणी समजू नये. तिला कोळसा लागत नाही, पाणी जवळजवळ लागत नाही, आणि बांधून झाल्यावर इंधनाचा खर्च शून्य. राजस्थानातील भाडला येथे २,२४५ मेगावॉटचे सौर उद्यान वाळवंटात उभे आहे. मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॉटच्या प्रकल्पाची काही वीज दिल्ली मेट्रोला जाते. मात्र एखाद्या भाषणात ‘इतके मेगावॉट बसवले’ असे ऐकले, की ‘हजेरी किती आणि कोणत्या वेळेला?’ हा प्रश्न आपण विचारायला शिकले पाहिजे.

अवघड वेळ : संध्याकाळच्या प्रेपची

यातला ‘कोणत्या वेळेला’ हा भाग सर्वात अवघड आहे. वीज हा असा माल आहे की जो तारेत साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी वापर, त्याच क्षणी निर्मिती. आपल्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झ असते. मागणी वाढून निर्मिती कमी पडली की ती खाली येते, निर्मिती जास्त झाली की वर जाते. ती फार हलली तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडतात. म्हणून देशभरातील नियंत्रण केंद्रांत माणसे रात्रंदिवस या आकड्याकडे पाहत बसलेली असतात.

आता आपला दिवस आठवा. दुपारी वर्ग चालू असतात, सूर्य डोक्यावर असतो, सौर वीज भरपूर असते. संध्याकाळी खेळ संपवून आपण आंघोळ करतो आणि प्रेपला बसतो. त्याच वेळी देशातल्या कोट्यवधी घरांत दिवे, पंखे, टीव्ही, कूलर चालू होतात. आणि नेमका त्याच वेळी सूर्य मावळतो. दुपारी जादा असलेली वीज संध्याकाळी सातला कामाची नसते. ३० मे २०२४ रोजी उन्हाच्या तडाख्यात देशाची मागणी २,५०,००० मेगावॉटपर्यंत गेली, तो तोपर्यंतचा उच्चांक होता. ती मागणी दुपारची होती, सूर्य मदतीला होता. तशाच दिवसाची रात्र कशी निभवायची, हा योजनाकारांपुढचा खरा प्रश्न आहे. आज त्या वेळेला मुख्यतः कोळसा आणि धरणाचे पाणी धावून येतात.

पाण्याची ताकद किती आहे हे एका रात्रीने दाखवून दिले. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे बंद करून पणत्या लावायचे आवाहन झाले होते. आपल्यापैकी बहुतेकांना ती रात्र आठवत असेल. त्या काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि लगेच परत वर चढली. कोळशाच्या केंद्राला इतक्या झटपट खाली-वर करता येत नाही, त्याचा बॉयलर तापायलाच तास लागतात. जलविद्युत केंद्रात पाण्याची झडप उघडझाप केली की काही मिनिटांत काम होते. त्या रात्री तेच केले गेले आणि ग्रिड टिकले.

हीच युक्ती उलटी वापरली की साठवण होते. तिला मराठीत उदंचन प्रकल्प म्हणतात. दोन तलाव असतात, एक डोंगरावर आणि एक पायथ्याशी. दुपारी वीज जादा असेल तेव्हा पंपाने पाणी वर चढवायचे, संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचे. सह्याद्रीतील घाटघर येथे २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे ९०० मेगावॉटचा आहे, आणि उत्तराखंडातील टिहरी येथे १,००० मेगावॉटचा प्रकल्प उभारला गेला. वर चढवायला शंभर युनिटे लागली तर परत साधारण पंचाहत्तर ते ऐंशी मिळतात. ही तूट म्हणजे साठवणुकीचे भाडे. मोठ्या बॅटऱ्यांचेही काम हेच. त्यांना डोंगर लागत नाही आणि त्या झटक्यात चालू होतात, पण सामान्यतः काही तासच पुरतात.

दुसरा मार्ग साठवणुकीपेक्षाही स्वस्त आहे. वीज दुपारी असेल, तर कामच दुपारी करायचे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. कृषिपंपाला वीज रात्री मिळते, म्हणून पिकाला पाणी द्यायला रात्री उठून शेतात जावे लागते. अंधारात विंचू-सापाचे भय, काही भागांत बिबट्याचे. शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर आणून दिवसा वीज देण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. शेतकऱ्याची रात्रीची झोप वाचते आणि ग्रिडवरचा रात्रीचा भारही उतरतो. एकाच उपायाने दोन कामे होतात, अशी जागा शोधणे हे चांगल्या आखणीचे लक्षण आहे.

तिसरा मार्ग बचतीचा आहे. ९ वॉटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका उजेड देतो. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. दिवा लागतो तो संध्याकाळीच. म्हणजे ही बचत नेमकी अडचणीच्या वेळेला होते. न लागलेल्या युनिटासाठी पॅनेल नको, तार नको आणि बॅटरीही नको.

तारांचे रस्ते

ऊन राजस्थानात आणि गुजरातेत, वारा तमिळनाडूत आणि पश्चिम किनाऱ्याच्या मागच्या पठारांवर, पाणी हिमालयात. आणि वापर मात्र दिल्ली, मुंबई, बंगळुरूत. म्हणून वीज वाहून नेणारे रस्ते हवेत. सैन्याला जसे दळणवळण, तशी ऊर्जेला पारेषण वाहिनी.

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशातली ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील ६० कोटींहून अधिक लोक अंधारात होते. रेल्वे मधेच थांबल्या, खाणीत कामगार अडकले. तेव्हा दक्षिण भारताची ग्रिड उरलेल्या देशाशी एकत्र चालत नव्हती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी कर्नाटकातील रायचूर ते महाराष्ट्रातील सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि सारा देश एकाच वारंवारतेवर चालू लागला. ‘एक देश, एक ग्रिड’ हे सोलापूरच्या माळावर पूर्ण झाले, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढचे रस्ते आणखी अवघड आहेत. लडाखमधील पांग येथून हरियाणातील कैथलपर्यंत सुमारे ७१३ किलोमीटरची वाहिनी बांधण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. लडाखच्या पठारावर १३ हजार मेगावॉटचे सौर व पवन प्रकल्प उभारायचे आणि ती वीज हिमालय ओलांडून मैदानात आणायची, अशी कल्पना आहे. तिथल्या थंडीत आणि विरळ हवेत मनोरे उभारणे म्हणजे काय, हे ज्या कॅडेटचे वडील त्या भागात पोस्टिंगवर राहून आले आहेत, त्यांना विचारावे.

या रस्त्यांवर पक्षीही आहेत. राजस्थान आणि कच्छमध्ये माळढोक उरले आहेत ते अगदी थोडे, आणि उच्चदाब तारांवर आदळून ते मरतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अधिवासातील तारा जमिनीखाली नेण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सगळ्या तारा जमिनीखाली नेणे व्यवहार्य नाही असे म्हणणे पुढे आले होते. स्वच्छ ऊर्जा आणि पर्यावरण हे नेहमी एकाच बाजूला उभे असतात असे नाही. पॅनेलचे आणि मनोऱ्याचे ठिकाण ठरण्याआधी नकाशावर माळढोकाची जागा आणि गावाचे गायरान दाखवलेले हवे. नंतर दाखवले तर कोर्टात वर्षे जातात.

विजेने न सुटणारी गणिते

काही कामे तारेने होत नाहीत. दहावीच्या रसायनशास्त्रात आपण शिकतो की चुनखडी तापवली की चुना आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ४४ ग्रॅम वायू निघतो. सिमेंटच्या भट्टीत हेच होते. भट्टी सौर विजेवर चालवली तरी दगडातला वायू बाहेर पडणारच. तो पकडून साठवावा लागेल किंवा सिमेंटची कृती बदलावी लागेल.

पोलादात कोळसा दोन कामे करतो. उष्णता देतो आणि लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. हे दुसरे काम हायड्रोजनही करू शकतो, आणि मग कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघते. युरियासाठी लागणारा अमोनियासुद्धा हायड्रोजनपासूनच बनतो, पण तो हायड्रोजन आज नैसर्गिक वायूतून काढतात. स्वच्छ विजेने पाण्याचे विघटन करून काढलेल्या हायड्रोजनला ‘हरित’ म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन आहे. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० युनिटे वीज लागते. म्हणजे ५० लाख टनांना २५ हजार कोटी युनिटे. देशाच्या आजच्या वर्षभराच्या निर्मितीचा हा साधारण सातवा हिस्सा झाला. इथेही क्रमाचाच प्रश्न आहे. जादा स्वच्छ वीज तयार होण्याआधी हायड्रोजन काढायला बसलो, तर ती वीज कोळशातून घ्यावी लागेल आणि ‘हरित’ हे फक्त नावच उरेल.

रात्रंदिवस चालणाऱ्या स्वच्छ विजेसाठी अणुऊर्जा हा एक आधार आहे. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली आपल्या तारापूरला सुरू झाले. आजची क्षमता सुमारे ९ हजार मेगावॉट आहे आणि २०४७ चे लक्ष्य १ लाख मेगावॉटचे. अणुभट्टी बांधायला पैसा आणि वेळ भरपूर लागतो. म्हणून २०४५ ला वीज हवी असेल, तर निर्णय आजच व्हायला हवा.

खिंडीत उभे असलेले

मी चंद्रपूर जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे आणि आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत. माझे काका खाणीत डंपर चालवतात, कंत्राटी कामगार म्हणून. आमच्या वर्गात राजस्थानचा एक मित्र आहे, त्याच्या गावाजवळ सौर प्रकल्प आला तेव्हा जमिनीला भाडे मिळू लागले. धनबादकडचाही एक आहे. निव्वळ शून्य हा शब्द आम्हा तिघांच्या घरी तीन वेगवेगळ्या अर्थांनी पोहोचतो. दिवाळीच्या सुट्टीत मी काकांना २०७० ची योजना समजावून सांगत होतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “बरं आहे. पण मग आमचं काय?”

या प्रश्नाचे उत्तर नसलेली योजना अपुरी आहे असे मला वाटते. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेले. धनबाद, कोरबा, सिंगरौली, तालचेर, चंद्रपूर अशा पट्ट्यांत फक्त खाणकामगारच कोळशावर जगतो असे नाही. ट्रकवाला, टायरवाला, चहाची टपरी, शाळेची रिक्षा, राज्याला मिळणारी रॉयल्टी, सगळे त्यातूनच येते. रेल्वेच्या मालवाहतुकीत जवळजवळ निम्मे वजन कोळशाचे असते, आणि त्या कमाईतूनच आपली प्रवासी तिकिटे स्वस्त राहतात. शिवाय नव्या नोकऱ्या जुन्या जागी येत नाहीत. ऊन आणि वारा पश्चिमेला व दक्षिणेला जास्त, कोळसा मध्य आणि पूर्व भारतात. कायम कामगाराला निवृत्तिवेतन तरी मिळेल. कंत्राटी कामगाराचे नाव बऱ्याचदा कोणत्याच यादीत नसते.

इतिहासात आपण घोडखिंड वाचली आहे. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बाजीप्रभूंनी आणि बांदलांच्या मावळ्यांनी खिंड रोखून धरली. गडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत कोणी जागा सोडली नाही. आज संध्याकाळी सातनंतर देशाची खिंड कोळशाने धरून ठेवली आहे. साठवण, तारा आणि अणुऊर्जा हा आपला गड आहे. गडावर पोहोचण्याआधी खिंड सोडली तर देश अंधारात जाईल. आणि पोहोचल्यावरही ती धरत राहिलो तर मोहिमेला अर्थच उरणार नाही. पण एक फरक मी मुद्दाम सांगतो. घोडखिंडीत बाजीप्रभू पडले, कारण दुसरा मार्ग नव्हता. इथे आपल्या हाती ४० वर्षांहून अधिक काळ आहे. खिंड धरणाऱ्यांना सुखरूप खाली आणण्याचे काम त्याच योजनेत लिहिता येते.

ते कसे? कोणती खाण आणि कोणते केंद्र कधी बंद होणार, हे दहा-पंधरा वर्षे आधी सांगायचे, म्हणजे घरातला मुलगा तोच धंदा निवडणार नाही. कंत्राटी कामगारांची नोंद आधी करायची. बंद खाणींची जमीन आणि जुन्या केंद्रांपर्यंत आलेल्या उच्चदाब तारा फुकट जाऊ द्यायच्या नाहीत. बॅटऱ्या, पॅनेलचे कारखाने तिथेच आणायचे. खाणबाधित भागांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत, त्यांच्या निधीतून आजच प्रशिक्षण सुरू करता येईल. डंपरचे इंजिन आणि हायड्रॉलिक्स कळणाऱ्या माणसाला इतर यंत्रेही शिकता येतात. त्याला वेळ आणि शिकवणारा मिळाला पाहिजे.

रसद कोणाच्या हाती?

आपल्याला लागणाऱ्या दर दहा लिटर कच्च्या तेलापैकी साडेआठ लिटरहून अधिक बाहेरून येते. दूरच्या समुद्रात युद्ध झाले की आपल्या पंपावर काळजी सुरू होते. सूर्य आणि वारा आयात करावे लागत नाहीत, म्हणून स्वच्छ ऊर्जा हा संरक्षणाचाही विषय आहे. पण इथे एक सापळा आहे. सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा जागतिक वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. तेलाचे परावलंबन सोडून पॅनेल, बॅटरी आणि दुर्मिळ खनिजांचे परावलंबन पत्करले तर आपण फक्त पुरवठादार बदलला. म्हणून कारखाना, संशोधन आणि जुन्या बॅटरीतून धातू परत काढणे हे रसदीचेच काम आहे.

सीमेवर हे लगेच पटते. उंच चौकीवर पोहोचणारे डिझेल ट्रकने, खेचराने, कधी हेलिकॉप्टरने जाते, आणि ते नेण्यातही माणसांचा जीव धोक्यात असतो. लडाखमधील चुशूल येथे सेनेसाठी सौरऊर्जा आणि हायड्रोजन यांवर चालणाऱ्या २०० किलोवॉटच्या छोट्या ग्रिडचा प्रकल्प हाती घेतला गेला. उन्हाची ऊर्जा हायड्रोजनच्या रूपाने साठवायची आणि ऊन नसेल तेव्हा वापरायची. जनरेटरची धडधड नाही, धूर नाही आणि इंधनाचा ताफाही कमी.

मग क्रम काय?

माझ्या समजुतीप्रमाणे क्रम असा लागतो. पहिली बचत, कारण ती सर्वात स्वस्त आहे आणि आजच होते. तिच्याबरोबर तारा, कारण तार नसेल तर वाळवंटातले पॅनेल नुसते चमकत राहते. मग सौर-पवन आणि साठवण जोडीने. साठवणीशिवाय नुसते पॅनेल वाढवत गेलो तर दुपारची वीज वाया जाईल. अणुभट्ट्यांचे निर्णय आज, वीज नंतर. स्वच्छ वीज वाढत जाईल तशा गाड्या, चुली, भट्ट्या तिच्यावर आणायच्या आणि शेवटी हायड्रोजनची अवघड कामे. कोळशाचे एकेक केंद्र तेव्हाच थांबवायचे, जेव्हा त्याची संध्याकाळची जागा दुसऱ्याने घेतलेली असेल आणि तिथल्या कामगाराची पुढची सोय झालेली असेल. सोयीचे काम मात्र पहिल्या दिवसापासून सुरू झाले पाहिजे.

हे सर्व दिल्लीत ठरेल, आपण काय करणार, असे कोणी म्हणेल. आपले संकुल हेही एक छोटे गावच आहे. मेस, वसतिगृहे, पाण्याच्या टाक्या, मैदानाचे दिवे असे सगळे इथे आहे. विजेच्या मुख्य मीटरची नोंद महिनाभर रोज सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा वाजता घ्यावी. गणिताच्या सरांच्या मदतीने आलेख काढला की आपली संध्याकाळ किती उंच आहे ते दिसेल. मग ठरवता येईल की टाकीत पाणी चढवणारा पंप दुपारी चालवता येतो का, गीझरऐवजी सौर बंब कुठे बसेल, रिकाम्या वर्गातले पंखे कोण बंद करील. प्रत्येक हाउसने एक आठवडा वाटून घेतला तर हे काम जड नाही. देशाची योजनाही याच प्रश्नांनी सुरू होते : किती लागते, कधी लागते, आणि त्या वेळी ते कोण देणार? २०७० साली हे प्रश्न देशासाठी सोडवणारे लोक आज कुठल्या तरी शाळेत दहावीत आहेत. सरावाला एक मीटर आणि एक वही पुरते.